दात पाहिल्याशिवाय इसार नाही: ऑनलाइन खरेदी-विक्रीत फसू नये म्हणून

दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले होते. ज्वारीचं पीठ नुकतंच हाटून उतरवलं होतं आणि मी नि जाऊबाई ओल्या धोतरावर थापत होतो. हे काम मध्येच सोडता येत नाही. पीठ गार झालं की बिबड्याच्या कडा फाटतात. नेमका तेव्हा फोन वाजला.

आम्ही धुळ्यात देवपूरला राहतो. मी घरूनच बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला विकते. त्या आठवड्यात मोठी चक्की घेतली होती, म्हणून जुनी घरघंटी सकाळीच जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर विकायला टाकली होती. किंमत ८,५०० रुपये. फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता. आपण फौजेत आहोत, देवळालीला पोस्टिंग आहे, घरघंटी पसंत आहे, गाडी पाठवून उचलून नेतो, पैसे आत्ताच पाठवतो, असं म्हणाला. पाठोपाठ गणवेशातला फोटो, ओळखपत्र आणि कॅन्टीनचं कार्ड व्हॉट्सॲपवर आलं. मी भारावले. आमच्या गल्लीतलीच दोन पोरं फौजेत आहेत.

तो म्हणाला, फौजेच्या खात्यातून पैसे वेगळ्या रीतीने येतात, आधी खात्री करून घेऊ. तुम्ही पाच रुपये पाठवा, दहा परत येतील. पाठवले, आणि खरोखर दहा आले. मग त्याने ८,५०० चा क्यूआर कोड पाठवला. बोटं पिठाने भरलेली होती, म्हणून डाव्या हाताच्या करंगळीने मी पिन टाकला. पैसे आले नाहीत, गेले. तो अगदी शांतपणे म्हणाला, उलटं झालं ताई, पुन्हा तसंच करा, दोन्ही मिळून १७,००० परत येतील. मी पुन्हा केलं. तिसऱ्यांदा करणार तोच लेक जिना चढून वर आली आणि तिने हातातून फोन ओढून घेतला.

त्या दिवसापासून मी एकही ऑनलाइन व्यवहार घाईत केलेला नाही. ओळखीच्या बायका, भाऊबंद, गिऱ्हाईकं विचारतात तेव्हा जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

पिन कशाला लागतो

माझे वडील दोंडाईचाजवळच्या गावी राहतात. चौथी शिकलेले, फोन फक्त बोलायला वापरतात. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पैसा भराले अंगठा लागस का माय? काढाले लागस." बँकेत पैसे जमा करताना स्लिपवर कोणी तुमची सही ताडून पाहत नाही. काढताना मात्र पाहतात. यूपीआयचा पिन म्हणजे तुमची सही, तुमचा अंगठा. तो पैसे जाताना लागतो, किंवा शिल्लक पाहताना. येणाऱ्या पैशाला पिन लागत नाही, कधीच नाही.

क्यूआर कोडचंही तसंच. जो स्कॅन करतो तो पैसे देतो. तुम्ही विकणारे असाल तर तुमचा कोड समोरच्याने स्कॅन करायचा. त्याचा कोड तुम्ही स्कॅन करायचं काही कारणच नाही. पैसे घ्यायला तुमचा नंबर किंवा यूपीआय आयडी दिला की काम झालं. पूर्वी भामटे ॲपमधूनच पैशांची मागणी पाठवायचे आणि लोक ‘होय’ दाबून बसायचे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवणं १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झालं, म्हणून आता भर क्यूआर कोडवर आणि लिंकवर आहे.

पिनच्या पडद्यावर वरच्या बाजूला रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. ते मोठ्याने वाचा. मी वाचलं असतं तर तिथे कुठल्या फौजेचं नव्हे, भलत्याच माणसाचं नाव दिसलं असतं.

त्या वरच्या पाच रुपयांचंही सांगते. ते त्याने मुद्दाम दिले होते. पाचाचे दहा झाल्यावर माझा हात पुढच्या वेळी थांबला नाही. अशी ‘खात्री’ कोणी करून द्यायला लागला की फोन ठेवून द्या.

विकताना

आपल्याकडे मेथीच्या जुडीलाही घासाघीस होते. दोन रुपये कमी करा, वर कोथिंबीर द्या, हे झाल्याशिवाय गिऱ्हाईक पिशवी उघडत नाही. मग ८,५०० ची जुनी घरघंटी एखादा माणूस न बघता, न चालवता, एक रुपया कमी न करता का घेईल? माझ्याकडे आता पहिली पारख हीच आहे. जो भाव करत नाही, वस्तू बघायला येत नाही आणि पैसे द्यायची घाई करतो, तो गिऱ्हाईक नाही.

गणवेशाला भुलू नका. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण खान्देशातल्या गावागावांतून पोरं भरतीला जातात आणि फौजी म्हटलं की आपण दार उघडतो. भामट्यांना हे ठाऊक आहे. ओळखपत्राचा फोटो कुणाचाही पाठवता येतो. खरा जवान असेल तर तो स्वतः येईल, नाहीतर नातेवाइकाला पाठवेल. मी सरळ म्हणते, भाऊ, या, चहा घ्या, वस्तू चालवून बघा, पैसे तेव्हाच द्या. खऱ्या माणसाला यात राग येत नाही.

पैसे आले की नाही, हे समोरच्याच्या फोनवर पाहायचं नाही. हिरवी खूण दाखवणारी खोटी ॲप्स आहेत, आणि स्क्रीनशॉट तर शाळकरी पोरगाही बनवतो. ‘खात्यात जमा’ असा मेसेज आला तरी तो कुठून आला ते बघा. बँकेचा मेसेज दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, अक्षरांच्या नावाने येतो. तरीही मी मेसेजवर थांबत नाही. माझ्या स्वतःच्या ॲपमध्ये जाऊन शिल्लक उघडते. शिल्लक वाढलेली दिसेपर्यंत वस्तू उंबऱ्याबाहेर जात नाही.

एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. पैसे खरे आले तरी ते कुणाच्या खात्यातून आले हे बघायला हवं. माझ्या भाच्याने जुना मोबाईल विकला. घेणारा समोर उभा होता, पैसे जमा झाले, भाचा खूश. पण पैसे तिसऱ्याच माणसाच्या नावाने आले होते. तो माणूस दुसऱ्या राज्यात फसवला गेला होता आणि त्याच्याच खात्यातून ते वळवले होते. त्याने तक्रार केल्यावर पैशाचा माग काढत पोलीस भाच्याच्या खात्यापर्यंत आले आणि बँकेने खातं होल्डवर टाकलं. कापूस विकलेले पैसेही त्याच खात्यात अडकले. विकल्याची साधी चिठ्ठीसुद्धा त्याच्याकडे नव्हती. तेव्हा पैसे देणाऱ्याचं नाव समोरच्या माणसाशी जुळतं का ते पाहा. जुळत नसेल तर पैसे परत पाठवू नका, वस्तूही देऊ नका, आधी बँकेत विचारा. जुळत असेल तरी एका कागदावर वस्तू, किंमत, तारीख, दोघांची नावं आणि सह्या घ्या, आणि ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा.

‘चुकून जास्त पैसे आले, वरचे परत करा’ असा फोन आला तरी तेच. आधी शिल्लक बघा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं. खरंच आलेलं असेल तर आपल्या बँकेला कळवा आणि बँकेमार्फतच परत करा.

माझ्यासारखं घरगुती खाद्यपदार्थांचं काम करणाऱ्या बायकांना एक निराळा फोन येतो. फौजेच्या कॅम्पसाठी चाळीस किलो पापड हवेत, आधी तुमची नोंदणी करावी लागेल, बँकेच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. एवढी मोठी ऑर्डर ऐकून मन हुरळतं, हे मी जाणते. माझा नियम असा की निम्मे पैसे खात्यात दिसल्याशिवाय ज्वारी भिजत घालत नाही. माल विकण्यासाठी आपण कुणाला नोंदणी फी द्यायची नसते आणि कार्डाचा फोटो तर कुणालाच द्यायचा नसतो.

घेताना

लहानपणी मी वडिलांसोबत बैलबाजारात जायची. ते आधी लांबून बैल चालताना बघत. मग जवळ जाऊन वय कळावं म्हणून ओठ वर करून दात मोजत, दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला. पाठीवर हात फिरवत, खूर बघत. मग रुमालाखाली हात आणि भाव. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम, त्यानंतर, तोही चार माणसांसमोर, आणि बाजाराची पावती घेतल्याशिवाय दावं हातात घेत नसत. सारंगखेड्याच्या यात्रेत आजही घोडा असाच घेतला जातो. ऑनलाइन आपण नेमकं उलटं करतो. फोटो बघून इसार पाठवतो आणि दात बघायचं राहून जातं.

जनावरांचंच उदाहरण देते, कारण गावाकडे सध्या हा फास मोठा आहे. गीर गाय, मुऱ्हा म्हैस, वीस लिटर दूध, किंमत बाजाराच्या निम्मी, आणि सोबत चकचकीत व्हिडिओ. फोन केला की पाच हजार टोकन मागतात. मग गाडीभाडं, मग विमा, मग ‘गाडी नाक्यावर अडवली, पावती फाडायला पैसे पाठवा’. प्रत्येक वेळी रक्कम लहान असते, आणि आधी दिलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे देत राहतो.

माझ्या धाकट्या भावाला अशीच गाय आवडली होती. टोकन पाठवण्याआधी त्याने मला विचारलं, म्हणून वाचला. मी म्हटलं, व्हिडिओ कॉल लाव आणि गायीच्या कानातला पिवळा बिल्ला दाखव म्हण. त्या बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. विकणारा आधी म्हणाला गोठ्यात रेंज नाही. मग म्हणाला गाय चरायला गेली. भाऊ म्हणाला, संध्याकाळी येईल ना, धार काढतानाच दाखवा, आणि ओठ उघडून दातही दाखवा. मी येतो, पत्ता द्या, भाडं माझं. यावर पलीकडून फोन कट झाला आणि नंबर ब्लॉक. दहा मिनिटांचं काम होतं. वडील ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "आधी माल दखाड, मंग पैसा."

हाच प्रश्न कुठल्याही वस्तूला लावा. ठिबकच्या नळ्या असोत, पाण्याची मोटर असो की शिलाई मशीन, आजचा व्हिडिओ मागा, त्यात मशीन चालू करायला सांगा, एखाद्या कागदावर आजची तारीख लिहून वस्तूशेजारी ठेवायला सांगा. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधून बघा. एकच ट्रॅक्टर तीन जिल्ह्यांत तीन किमतींना विकायला लावलेला सापडतो.

जुना मोबाईल घेताना *#०६# दाबा. आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर, पडद्यावर येतो. तो बिलावरच्या आणि खोक्यावरच्या नंबराशी ताडून बघा. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहा, एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि १४४२२ वर पाठवा. फोन चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. आधीच्या मालकाने त्याचं गूगलचं किंवा ॲपलचं खातं तुमच्यासमोर काढून टाकायला हवं, नाहीतर फोन घरी नेऊन विटेसारखा पडून राहील.

मोटारसायकल, गाडी, ट्रॅक्टर यात रक्कम मोठी, म्हणून इथे थोडं थांबा. नंबर एमएच १८ असो, १९ असो की ३९, एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकला की कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे हे दिसतं. बोजा असेल तर फायनान्सची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, आणि ३५ नंबरचा फॉर्म हवाच. नाव बदलायला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. ‘नंतर करू’ यावर समाधान मानू नका. हे विकणाऱ्यालाही लागू आहे. गाडी दिली पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव तुमचंच राहिलं, आणि उद्या अपघात झाला, तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

मे महिन्यात कपाशीचं बियाणं व्हॉट्सॲपवर विकायला येतं, तणनाशक मारलं तरी चालतं असं सांगून. तणनाशक सहन करणाऱ्या त्या कपाशीला देशात मंजुरीच नाही. पिशवीवर लॉट नंबर नाही, पक्कं बिल नाही, उगवलं नाही तर तक्रार कुणाकडे करणार? बियाणं परवानाधारक दुकानातूनच घ्या आणि पिशवीचा तुकडा नि बिल हंगाम संपेपर्यंत जपा.

नव्या वस्तूंबद्दल थोडक्यात. फेसबुकवर पैठणी आठशेला दिसली तर आधी त्या दुकानाचा पत्ता आणि फोन साइटवर आहे का बघा, आणि साइटचं नाव अक्षर अक्षर वाचा. नामांकित दुकानाच्या नावात एखादं अक्षर जास्त घालून खोटी साइट काढलेली असते. पार्सल फोडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा, चिठ्ठीवरचा पत्ता दिसेल असा. न मागवलेलं पार्सल आलं तर पैसे देऊ नका आणि ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याला ओटीपी सांगू नका. कंपनीचा मदत नंबर गूगलवर शोधू नका, ॲपच्या आतून किंवा बिलावरून घ्या. आणि व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (तिच्यातून फोनमध्ये ॲप बसतं), चलानची असो की लग्नपत्रिकेची, उघडूच नका. कंपनी खरी असूनही दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

फसलातच तर

रडायला नंतर वेळ मिळेल, आधी १९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. माझ्या लेकीने तेच केलं. पहिले पैसे गेल्यापासून चाळीस मिनिटांत तक्रार नोंदली गेली. भामट्याच्या खात्यातून पैसे लगेच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात उड्या मारतात आणि शेवटी एटीएममधून निघतात. मध्येच कुठे गाठले तर बँक ते अडवून धरते. माझे पहिले ८,५०० निघून गेले होते. दुसरे ८,५०० एका खात्यात सापडले, अडवले गेले, आणि कागदपत्रांच्या पाच महिन्यांनंतर परत आले. तासभर उशीर झाला असता तर तेही गेले असते.

फोन करताना हे जवळ ठेवा: तुमच्या बँकेचं नाव, खाते नंबर, गेलेली रक्कम, वेळ, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, आणि समोरच्याचा फोन नंबर नि यूपीआय आयडी. नंबर लागला नाही तर पुन्हा लावा, आणि दुसऱ्या फोनवरून कुणाला तरी सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार भरायला बसवा. मग बँकेला कळवून त्याचा तक्रार क्रमांक घ्या. चॅट, कॉल, क्यूआर कोड, काहीही पुसू नका. संतापाने मीही ब्लॉक करून सगळं पुसणार होते, लेकीने थांबवलं. त्यानंतर पोलीस ठाण्यात जा. आपण पिन न टाकता आपोआप खात्यातून पैसे गेले असतील तर रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्या बाजूने आहे, मात्र तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलेलं असावं. आपणच पिन टाकला असेल तर बँक हात वर करते, म्हणून तिथे १९३० चा वेगच कामी येतो.

काही दिवसांनी आणखी एक फोन येईल. ‘तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, थोडी फी भरा.’ मला दोनदा आला. तोही त्या भामट्यांपैकीच. पैसे परत मिळवायला पोलीस किंवा बँक फोनवर फी मागत नाहीत.

आणि घरात सांगा. मला सासूबाईंपुढे उभं राहायची लाज वाटत होती, सतरा हजार म्हणजे आमच्या उन्हाळ्यातल्या निम्म्या बिबड्यांची कमाई. पण माझ्या ओळखीतल्या एका बाईने तीन दिवस नवऱ्याला सांगितलं नाही, आणि त्या तीन दिवसांत खातं रिकामं झालं, कारण तिचा फोन दुरून अजून भामट्यांच्याच ताब्यात होता. आमच्या सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी उरलेलं पीठ पुन्हा गरम करून मळलं आणि बसून धोतरावर थापायला घेतलं.

ती घरघंटी पुढे पंधरा दिवसांनी गेली. साक्रीकडच्या एक ताई भावाला घेऊन आल्या. येताना पिशवीत दोन किलो दादर ज्वारी आणली होती. घरघंटीत टाकली, पीठ चिमटीत चोळून पाहिलं, मागचं झाकण काढून जाळी बघितली, पट्टा घासलाय म्हणून सातशे रुपये कमी करायला लावले. मी माझा क्यूआर पुढे केला, त्यांनी स्कॅन केला. ७,८०० रुपये माझ्या ॲपमध्ये, त्यांच्याच नावाने, शिल्लकीत दिसले. कागदावर दोघींच्या सह्या झाल्या. मग रिक्षावाल्याला वर बोलावलं.